परतीचा माल

४ नोव्हेंबर
म्हणे अ‍ॅप! तांदूळ गिरणीचा प्रफुलशेठ दारात येऊन सांगून गेला — "ताई, आमचा तांदूळ उतरवून तुमची गाडी रायपूरहून रिकामी येते. फालतूचा डिझेल, फालतूचा धूर. अ‍ॅपवरून परतीचा माल घेऊन तुमच्या नावापुढे हिरवं पान नाही आलं, तर आमचा तांदूळ दुसरा नेईल." स्वतः मात्र पानठेल्यापर्यंत चारचाकीने जातो!

५ नोव्हेंबर
माझ्या लेकीने, भूमिकाने, अ‍ॅप माझ्या फोनमध्ये टाकलं. आता परतीचा माल मशीन शोधणार. नवरा गेल्यावर या दोन गाड्यांचा धंदा एकटीने सांभाळला, तेव्हा कुठे होतं हे मशीन?

९ नोव्हेंबर
शोधला माल. राजनांदगावची पोहा गिरणी. शामकला!
अख्ख्या छत्तीसगडात त्याला माझी धाकटी बहीणच सापडली. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ही एकदा फिरकली नाही. तेरवीला आली ती आईच्या पाटल्या विचारायला! तेव्हापासून तिचं तोंड पाहिलं नाही. नकार दाबला. गाडी रिकामी आली, पान पिवळं पडलं.
लेक म्हणते, "आई, मशीनले तुमचं भांडण का माहीत?" मग कसलं हुशार ते? गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

१४ नोव्हेंबर
पुन्हा शामकला. पुन्हा नकार. प्रफुलशेठचा फोन — आता शेवटचं सांगून राहिलो, ताई.

१७ नोव्हेंबर
घेतला तिचा माल. काय करता! घरी चूल याच गाड्यांवर पेटते.
ड्रायव्हर बिसराम आल्या आल्या सुरू — "बाई, शामकलाबाई एकटीच उरलेले पोते मोजून राहिली होती. तिचा नवरा गिरणी इकून पयाला म्हणे. तुमची तब्येत पुसे." नवरा पळाला, तेव्हा बहीण आठवली! माझी कायला? आईची पुसायची होती! पाटल्या मोडून खा म्हणावं.

२० नोव्हेंबर
हिरवं पान मिळालं. भाजी करू काय त्याची!

२६ नोव्हेंबर
रायपूरला तांदूळ उतरला आणि इथे फोन वाजला.
पाठवणार: शामकला. माल: एक कपाट, शिलाई मशीन, दोन पेट्या. सोबत एक बाई.
उतरवायचा पत्ता — आमगाव, माझंच घर!
खाली दोन बटणं. स्वीकार. नकार.
बेशरम कुठली! बहिणीला फोन करायची हिंमत नाही, मशीनला पुढे केलं.
स्वीकार दाबलं. बिसरामला सांगितलं — हळू आण. तिला गाडी लागते.