डाव्या पावलाचं माप

वेलिंग्टन, १८ एप्रिल २०२३

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ममताआत्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत जायला नको, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नका.

कौमुदी सुदानमध्ये अडकलीय. तीच, जिच्यापायी मी तिसऱ्या वर्षात आर्किटेक्चर सोडलं असं बाबा सांगत फिरतात. (साफ खोटं. सरांशी भांडलो म्हणून सोडलं. त्यांनी मोजणीच्या टीमसाठी तिला निवडलं, मला नाही, यावरून भांडलो, ते वेगळं.) करीमा गावाजवळ जुन्या कुशी राजांची देवळं आहेत, त्यांची मापं घ्यायला ती गेली होती. शनिवारी तिथे लढाई पेटली. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. बाकीची टीम गुरुवारीच विमानासाठी खार्टूमला निघाली. कौमुदी एकटी मागे राहिली, माझ्यामुळे. तिथल्या एका देवळाच्या फरशीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूंनी आपापल्या पावलांच्या आकृती कोरल्यात. माणूस घरी परतला तरी पाऊल देवाच्या दारात उभं राहतं, अशी त्यांची श्रद्धा असावी. ती निघताना मी माझं डावं पाऊल ब्राउनपेपरवर आखून तिला दिलं. म्हटलं, या मापाचं शोध. सापडलं तर समज मी तुझ्याआधीच तिथे पोचलोय. गेल्या बुधवारी ती म्हणाली, वेळच मिळाला नाही. मी भडकलो. लिहिलं, दगडांना वेळ आहे, मला नाही. तिचं उत्तर आलं, बरं बाबा, दोन दिवस थांबते.

तिच्या आईचा, उर्मिलाकाकूंचा, तुमच्या जवळच्या ओटाहुहूहून फोन आला होता. रडत विचारत होत्या, सगळे निघाले तर ही का थांबली रे? मी म्हणालो, मला काय माहीत.

आजोबा, लोभ कायम ठेवा, पण या वेळी चार शिव्याही पाठवा.

तुमचा,
ऋतुराज


मनुरेवा, २२ एप्रिल

चि. ऋतुराजास,
अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. ममता हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून यायच्या आत पंचांगात लपवलं. जुईने पाहिलंच. मी ओठांवर बोट ठेवलं तर म्हणाली, स्वीट ॲज, आजोबा. म्हणजे ‘चालेल’. हे तुझ्या मराठी आत्तेबहिणीचं मराठी.

तिच्याकडूनच टॅब्लेटवर करीमाजवळचा बर्कलचा डोंगर पाहिला. दगडी मेंढ्यांची रांग, पुढे अमून देवाचं देऊळ आणि कड्याला लागून दुसरं, अर्धं बांधलेलं, अर्धं डोंगरात कोरलेलं. एकतीस वर्षं लेण्यांचे नकाशे काढले मी; छिन्नीचे घाव पाहून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. एक सांगतो. अशा प्रत्येक जागी एक राखणदार असतो. वेरूळला मी तापाने फणफणलो तेव्हा साहेब जीप घेऊन पसार झाले होते. मला बाजेवर घालून गावात नेलं ते पहारेकऱ्याने. तिथेही कुणीतरी असेल, एवढाच धीर मी स्वतःला देतोय.

तुझ्या पावलाचा तो कागद म्हणजे फुल स्केलमध्ये, खऱ्या मापात, तू पुरं केलेलं बहुधा एकमेव ड्रॉइंग. चेष्टा करतोय, कारण मलाही भीती वाटते. पण त्या माउलीशी खोटं बोललास ते आधी निस्तर. मुलगी कुठे आहे ते कळत नाही, निदान का थांबली ते तरी कळू दे. आजच्या आज फोन कर. शिव्या त्याच देतील, त्यांचा हक्क मोठा.

तुझ्या पत्राकडे डोळे लावलेला,
आजोबा


वेलिंग्टन, २६ एप्रिल

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार.

सांगितलं. काकूंनी फोन ठेवला. शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज: टीम खार्टूममध्ये एका हॉटेलात कोंडली गेली होती, विमानतळावरच लढाई चालली होती, दोघांना गोळ्या लागल्या. खाली एकच ओळ, गुरुवारी गेली असती तर तीही तिथेच असती. ही माफी की काय, कळेना. कारण करीमासमोर, नदीपलीकडे मेरोवेच्या विमानतळावरही गोळीबार झालाय, आणि कौमुदीचा अकरा दिवस पत्ता नाही.

कॅफेत कामावर हातातून कप पडतात. मी कैरोचं तिकीट काढलंय, सात तारखेचं. सरहद्दीवर जाऊन उभा राहतो. अडवू नका.

ऋतुराज


मनुरेवा, २९ एप्रिल

चि. ऋतुराजास आशीर्वाद.

जाऊ नकोस. ती सुटून आली तर पहिला फोन कुणाला करेल? तो उचलायला जागेवर राहा. मी म्हातारा आहे, दोघांची वाट बघायची ताकद नाही.

आजोबा


वेलिंग्टन, ४ मे

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार.

कौमुदी इजिप्तमध्ये अस्वानला पोचली. पहिला फोन आईला केला, दुसरा मला. तिकीट रद्द केलं.

तुमचा राखणदार होता, आजोबा. हसन त्याचं नाव. ही बया माझा कागद घेऊन पावलामागून पाऊल पडताळत होती. एक्केचाळीस पावलं, सगळी लहान. हसन दोन दिवस गंमत बघत होता. शेवटी त्याने चप्पल काढली आणि कागदावर उभा राहिला. तंतोतंत! हसून म्हणाला, सापडला तुझा माणूस, आता घरी जा. दुसऱ्या सकाळी विमानांचे आवाज सुरू झाले.

त्याने तिला दहा दिवस आपल्या घरात बायकामुलांत ठेवलं, मग पिकअपमधून हाल्फाला, इजिप्तच्या सरहद्दीपर्यंत सोडलं. ती विनवत होती, तुम्हीही बायकामुलांना घेऊन पलीकडे या. तो म्हणाला, देवळाच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे. जाताना तो कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. उर्मिलाकाकू रोज मला फोन करतात. माझ्याबद्दल अजून एक शब्द नाही. हसनचं काही कळलं का, एवढंच विचारतात.

कौमुदी पुढच्या गुरुवारी घरी येतेय. मला आनंदाने नाचायला हवं. पण सकाळी चपला घालायला वाकलो आणि तसाच दारात बसून राहिलो. माझ्या मापाचा एक माणूस त्या देवळाच्या दारात उभा आहे, आजोबा. त्याच्यासाठी काहीतरी म्हणा, तुम्हाला येत असेल ते.

तुमचाच,
ऋतुराज