रस्त्याबाहेरचे ठिपके

३ मार्च १९९७
पनवेलला आले! दीनानाथशेठांच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत प्रोग्रामर म्हणून आज पहिला दिवस. ऑफिस कळंबोलीत. खिडकीखाली ट्रकांची रांग, डिझेलचा वास, पण कॉम्प्युटर नवाकोरा. प्रत्येक ट्रकवरचं यंत्र उपग्रहामार्फत सारखं कळवत असतं, गाडी केव्हा कुठे आहे. एक निरोप म्हणजे नकाशावर एक ठिपका. एक गाडी हुडकायला मशीन सगळे ठिपके चाळतं, तोवर चहा गार होतो. मी जवळजवळचे, लागोपाठच्या वेळांचे ठिपके एकेका चौकटीत घालणार. ठिपका बाहेर पडला तर चौकट ताणून त्याला आत घ्यायचं. मग शोधताना तेवढीच चौकट उघडायची. शेठ म्हणाले, चारुताबाई, एवढं जमवाच.

१४ मार्च
जमलं! फक्त काही ठिपके रस्ता सोडून भलतीकडेच पडतात. यंत्राची चूक. त्यांच्यामुळे चौकटी फुगतात, शोध रेंगाळतो. आज अट घातली : रस्त्याबाहेरचा ठिपका घ्यायचाच नाही. उत्तर चुटकीसरशी! शेठांनी पेढे वाटले.

२० मार्च
काशिराम ड्रायव्हरची गाडी न्हावा शेवा बंदरातून परतलीच नाही. पडद्यावर शेवटचा ठिपका रस्त्यावर, पुढे काही नाही. शेठ म्हणतात, यंत्र उपटून माल घेऊन पळाला. त्याची बायको भामा ऑफिसात आली. "बाई, तुमाला सगल्या गाड्या दिसतात ना? मंग आमचा मानूस कसा नाय दिसत?"
मी तिला तो शेवटचा ठिपका दाखवला.

२४ मार्च
गाडी सापडली. खाडीच्या चिखलात, तिवरांच्या आड, कलंडलेली. केबिनचं दार दबलेलं, आत काशिरामचं प्रेत. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस तरी जिवंत असावा. यंत्र चालू होतं. ठिपके येत होते. मीच ते टाकून देत होते. शेठांनी विचारलं, यंत्र बिघडलं होतं का. मी मान डोलावली.

२७ मार्च
अट काढली. आता असा ठिपका आला की मशीन मला विचारतं : घ्यायचा? पहिलाच आला तो काशिरामच्या गाडीचा. खाडीतला, आजच्या वेळेचा. ते यंत्र तर पोलिसांकडे पडलंय, पाणी शिरून बंद. मी 'हो' दाबलं.

२९ मार्च
पुन्हा तसाच ठिपका, आता ऑफिसजवळच्या रोडपालीत. 'हो' दाबलं. चौकट ताणली गेली — आमच्या दिशेनं. भर दुपारी ऑफिसात खाऱ्या चिखलाचा वास. पुढच्या ठिपक्याला 'नाही' दाबलं. कुठेतरी पत्रा वाजला, आतून ठोकावा तसा. पुन्हा ठिपका. पुन्हा 'नाही'.

३१ मार्च
भामाला सगळं सांगून आले. रडली नाही. म्हणाली, "तो येतो दुपारचा. दारात हुबा रातो. आत ये बोलले तर बोलतो, बाईंनी घेतल्याबिगर कसा येऊ?"

२ एप्रिल
ठिपका ऑफिसवर. सगळे जेवायला गेलेत. जिन्यावर ओली पावलं — दाराबाहेर कोणी कण्हतंय — मशीन विचारतंय. किती वेळा 'नाही' म्हणू?
'हो' दाबलं.
कण्हणं थांबलं. आता तो माझ्या मागे, अगदी जवळ — विचारतोय, बाई, तवा का नाय —