दूध सोडल्यानंतरचे दात

आई, माझा खालचा समोरचा दात हलायला लागला आहे. जिभेनं ढकलला की पुढं जातो, सोडला की मागं येतो, आणि मी दिवसभर तेवढंच करत बसते. शेजारच्या दाताचंही काही खरं नाही. दातांची डॉक्टर म्हणते, एक काढावाच लागेल, दुसऱ्याचं बघू. तू गेलीस तेव्हा तुझ्या तोंडात सगळे दात होते. शेवटच्या संक्रांतीलासुद्धा तू ऊस दातांनी सोलून खाल्लास. तुझ्या लेकीची साठीही झालेली नाही आणि ही गत. मला फार भीती वाटते आहे. घरात बोलायची सोय नाही, म्हणून तुला लिहिते.

तुला माहीत नाही, मी दूध सोडलं. दही, तूप, सगळंच. मटण-अंडी त्याआधीच सुटली होती. तू म्हणशील, काहून वं? कोराडीला वीजकेंद्राच्या आपल्या क्वार्टरमागं तू म्हैस बांधली होतीस. बाबा प्लँटवरून राखेनं माखून यायचे आणि घरात शिरण्याआधी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. तिचं पारडू मेलं त्या हिवाळ्यात तू त्याचं कातडं कुणाकडून तरी भरून आणलंस, आत कुटाराचा भुसा आणि पायांच्या जागी काड्या. धार काढायच्या वेळी तू ते तिच्यापुढं ठेवतेस. ती चाटते, चाटता चाटता पान्हवते. मी दाराला धरून उभी आहे, तू पेला माझ्या हातात देतेस आणि मी मान फिरवते. "पी वं मुकाट्यानं. दात मजबूत होतीन," तू म्हणालीस, आणि पाठीत एक धपाटा घातलास. मी प्यायले. मग तू स्टोव्हपुढं बसून रडलीस. आपला तान्हा, माझा धाकटा भाऊ, त्याच वर्षी गेला होता. मला तेव्हा वाटलं, तू माझ्यावरच चिडून रडते आहेस. तुझ्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल, हे मला स्वतःला मुलगा झाल्यावर कळलं.

तरी दूध पितच राहिले. सासरी चहा किती गोड करायचा, हेसुद्धा माझ्या हातात नव्हतं, तिथं दूध सोडते म्हणून कुणाला सांगणार? नवरा गेला, नोकरी संपली, आणि एक दिवस जेवताना मी म्हटलं, आता मला दूध नको. एवढ्या आयुष्यात माझा म्हणावा असा तो एकच निर्णय. म्हणून मला तो इतका प्यारा आहे. माझ्या मुलाला मात्र ते थेर वाटतात. "या वयात हाडं ठिसूळ होते आई, अन् तू दूध सोडून राहिली. दात पडले म्हणजे समजन तुले." काळजीनंच बोलतो, पण रोज बोलतो. दोन घास कमी खाल्ले तरी दूध, गुडघा दुखला तरी दूध.

मग एका सकाळी चूळ भरली तर पाणी लाल. मी आधी नळ सोडला, बेसिन धुतलं, मागं कुणी उभं तर नाही ना ते पाहिलं. घरात कळलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला ग्लास समोर आला असता. जिथून रक्त यायचं तिथं ब्रश लावणंच मी सोडलं. दुधाच्या चहाऐवजी दिवसभर लिंबूपाण्याचे घोट आणि भूक लागली की खजूर, चिक्की. ते दातांत अडकायचं, मी जिभेनं काढत बसायची. हिरड्या सुजल्या तेव्हा भाकर चहात बुडवून खाल्ली, काळ्या चहात. सून म्हणाली, "आई, तुम्ही हळू काहून जेवून राहिल्या?" मी म्हटलं, सावकाश चावून खावं माणसानं.

शेवटी गाल सुजला आणि मुलगा मला धरमपेठेत दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. पोरसवदा बाई, पण हात हलका. खुर्चीत मी आडवी, तोंड उघडं, आणि हा शेजारून सांगतोय, "मॅडम, दूध सोडलं हिनं. तुम्हीच समजवा." ती म्हणाली, "दुधावाचून दात पडत नाहीत हो. ते नाही तर तीळ खा, मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला खा, टोफू खा, आणि बी-ट्वेल्व्हची गोळी मात्र चुकवायची नाही. काकू, गोळी घेता का?" मी मान हलवली, नाही. "आणि रक्त कधीपासून येतंय? रक्त येतं तिथंच तर हलक्या हातानं ब्रश करायचा असतो. तेव्हाच आला असतात तर नुसत्या सफाईवर भागलं असतं." माझ्या तोंडात आरसा होता, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. परत येताना स्कूटरवर मुलगा एवढंच म्हणाला, "लपवलं काहून, आई?"

तेव्हापासून सांगितलेलं सगळं करते. तिळाची चटणी, मुनग्याची भाजी, गोळी, मऊ ब्रश, दातांमधून फिरवायचा दोरा. खजूर खाल्ला तर लगेच चूळ. रक्त थांबलं आहे, हिरड्यांचा रंगही सुधारला म्हणतात. पण दात घट्ट होत नाही, आई. आतलं हाड झिजलं ते झिजलं, असं ती म्हणते. सोमवारी काढायचा आहे. आरशात हसून बघते, तर ओठ आपोआप मिटतात. देवाला विचारून झालं, आता तुला विचारते, मी काय करू? दूध सोडायचा निर्णय बरोबर असूनही दात जातोय, हे मी कुणाला कसं पटवू? मलाच पटत नाही.

काल सकाळी सून आंघोळीला गेली होती. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. त्यातलं थोडं मी चहात ओतलं आणि उभ्याउभ्याच प्यायले. त्यानं काही होणार नाही हे डॉक्टरनं मला समजावून सांगितलं होतं, मला समजलंही होतं. पण भ्यालेल्या माणसाला कुठं काय कळतं. कप विसळून ठेवला आणि जिभेनं दात ढकलून पाहिला. तो तसाच हलतो आहे. मुलाला सांगणार नाही, त्याला आनंद होईल. हा कागदही कुठं धाडायचा नाही, म्हणून तुला सांगून टाकते. चहा चांगला लागला, आई. फार चांगला लागला.