उजळून घेतलेला फोटो

पुणे, ५ जानेवारी २०२५

॥ श्री ॥

चि. सौ. नुपूर हिस सदानंदकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम संपत आले. नऊ पिढ्या झाल्या गोळा! फोनवर बोलणे मला जमत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून माझ्या मित्राचा मुलगा मिहीर सुट्टी संपवून दोह्याला परततोय त्याच्याबरोबर तुझ्या पानाचे प्रूफ धाडतो. तुमच्या लग्नाला आम्ही आलो नाही, पण ग्रंथात जावयांना मानाने घेतले आहे : डॅनियल ओतिएनो, अभियंता, रास लफान, कतार. मूळ देश मुद्दाम लिहिला नाही. नसत्या चौकशा कशाला?

छपाईत गडद रंग नीट उठत नाही, म्हणून तुम्हा तिघांच्या फोटोत जावयांचा आणि अमानीचा चेहरा जरा उजळून घेतला. पोर अगदी आपल्यातली दिसते! उद्या तिच्या लग्नाच्या वेळी लोक हेच पान उघडतील, म्हणून ही काळजी. चूकभूल कळव. माया राहू दे.

तुझा,
सदानंदकाका

बिन महमूद, दोहा, १४ जानेवारी २०२५

ती. काकांस नुपूरचा शि. सा. नमस्कार.

नमस्कार सवयीनं लिहिला गेला. मनात तो नाही.

प्रूफ आधी अमानीनं पाहिलं. सात वर्षांची आहे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तिनं विचारलं, आईच्या मांडीवर बसलेली ही मुलगी कोण? काय सांगू, काका? पुण्याच्या आजोबांनी तुला घासूनपुसून घेतलं?

छपाईचं कारण मला देऊ नका. त्याच फोटोत माझे केस काळेभोर उठले आहेत.

इथंही कमी नाही. दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला डॅनियल मला न्यायला आला, दाराशी उभा राहिला. आपल्याच एका बाईंनी त्याला सिक्युरिटीवाला समजून उरलेलं जेवण कागदी ताटात बाहेर आणून दिलं. वर पुण्य केल्याचा चेहरा! त्यानं अरबीत शुक्रन म्हणत आभार मानले आणि ताट घेतलं. घरी येईपर्यंत मी रडत होते आणि तो गाडी चालवत होता. पण ती बाई परकी होती. तुम्ही मला अंगाखांद्यावर खेळवलंत, आणि माझ्या मुलीचा चेहरा तुम्हाला लपवावासा वाटला.

फोटो होता तसा छापा. किसुमू, केनिया असं स्वच्छ लिहा. नाहीतर आमचं पान फाडून टाका आणि या घराण्यात नुपूर जन्मलीच नाही असं समजा.

यापुढे लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

नुपूर

पुणे, २७ जानेवारी २०२५

चि. नुपूरला काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे जेवले नाहीत. मी पोरीच्या भल्याचंच केलं, एवढंच घोकत बसले. त्यांना मनापासून तसं वाटतं गं, त्याचाच मला जास्त संताप येतो.

मग मी आमचं पान काढलं. त्यावर आमचा लग्नातला फोटो आहे. तेव्हा मला पावडर थापून बसवलं होतं आणि वर स्टुडिओवाल्यानं रंगवून गोरी केली. चव्वेचाळीस वर्षं मी त्या फोटोवरची धूळ पुसतेय. त्यातल्या बाईला मी ओळखत नाही. तुमचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं, हे मला कळतं. मला कुणी ताट घेऊन दाराबाहेर गाठलं नाही.

काल यांच्यादेखत प्रुफांचा सगळा गठ्ठा माझ्या कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. ग्रंथ अडेल म्हणाले. अडू दे म्हटलं. शेजारच्या गार्गीकडून माझाही एक फोटो काढून घेतलाय, तोंडाला काही न लावता. अमानीचा आणि माझा, दोन्ही जसेच्या तसे छापायचं कबूल करतील तेव्हाच किल्ली मिळेल.

डॅनियलरावांना माझा निरोप देऊ नकोस. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना काय म्हणायचंय ते माझं मलाच म्हणू दे. रविवारी फोन करीन, तो त्यांच्या हातात दे.

तुझी,
काकू