घातचतुर्दशीची पाच पानं

मी, शेवंती दत्ताराम राऊळ, वय पन्नास, धंदा खानावळ, राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे. डोकं मात्र ठणठणीत आहे, आणि ज्याला शंका असेल त्याने माझ्या पंगतीत पानात टाकून उठून दाखवावं. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आणायला जो आला होता त्याचा समाचार कलम चारमध्ये घेतला आहे. कायद्याची भाषा पद्मजाबाई वकिलांनी घातली. त्यांनी खोडलेली वाक्यं मी परत लिहिली आहेत.

कलम १. माझी खरी इस्टेट म्हणजे वर्षातला एक दिवस. पितृपक्षातली घातचतुर्दशी, शस्त्राने गेलेल्यांची तिथी. त्या दिवशी माझ्या खानावळीत केळीची पाच पानं मांडली जातात. पहिलं माझ्या वडिलांचं, पलटणीतले नाईक दत्ताराम राऊळ. मग बाळा, धोंडिराम, दशरथ. पाचवं इस्माईलचं, तो पलटणीचा भिश्ती. हे पाचही जण दुसऱ्या महायुद्धात इटलीत, एका नदीच्या काठी, एकाच जागी पडले. पाणी संपलं होतं आणि इस्माईल डबे घेऊन रांगत त्यांच्यापर्यंत पोचला होता. पोचला, पाणी दिलं, आणि तोफगोळा आला. त्यांच्यातला गुणाजी तेवढा वाचला. एका हाताने घरी आला आणि आमच्या ओटीवर बसून त्याने हे सांगितलं. कोणाला काय आवडायचं तेही सांगितलं, कारण ते पाच आणि तो, सगळे एकाच परातीत जेवायचे.

आई त्या वर्षी पाच पानं घेऊन बसली. मार्तंडकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ओरडले, "मुसलमानाचा पान माझ्या ओट्यार? आणि घालता कोण, तर चेडू!" मुलगा नव्हता म्हणून आईने माझ्याच हातून वाढलं होतं. काकांनी पाचवं पान लाथेने उडवलं. आई म्हणाली, "एका ताटात जेवले, एका जाग्यार गेले. आता पंगतीतून कोणाक उठवू?" उरलेली चार पानं तिने गाईपुढे ठेवली, माझा हात धरला आणि मुंबईची बोट गाठली. भांडी घासली, पोळ्या लाटल्या, शेवटी ही खानावळ उभी केली. पाचवं पान एकदाही चुकलं नाही. आई गेली त्या वर्षीही नाही.

त्या पानांवर खानावळीतलीच माणसं बसतात. भैया, मद्रासी, आमचे कोकणातले, कोणीही. आधी विचारतात, "मावशी, आज मी कोण?" मी सांगते, "तू आज धोंडिराम. तुला वडे आवडतात. नाटकं करू नकोस, पोटभर खा." ज्याचं नाव त्याने पहिल्या घासाआधी मोठ्याने घ्यायचं. एवढाच विधी. भटजींना बोलवलं होतं एकदा, ते इस्माईलपाशी अडले. मी म्हटलं, मग या तुम्ही.

कलम २. भटवाडीतली माझ्या मालकीची स्वकष्टार्जित खोली, खानावळीचा परवाना, तवे, पराती, पाटा-वरवंटा आणि आईचा कालथा, हे सर्व मी प्रेमा हिला देते. प्रेमा माझ्याकडे पोळ्या लाटायला आली तेव्हा नवऱ्याने टाकलेली होती आणि कोणाशी बोलत नव्हती. दोन वर्षांपूर्वी घातचतुर्दशीला मी इस्पितळात होते. कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिने पाचही पानं मांडली. आता तिचं तोंड बंद होत नाही, हा माझा दोष समजावा. अट एकच, पानं चालू राहावीत. तिने अट मोडलीच तर कोर्टात खेचू नये. मी स्वप्नात येईन, तेवढं पुरे.

कलम ३. गावच्या जमिनीतल्या बाबांच्या हिश्श्यावरचा हक्क मी सोडलेला नाही. कायद्यात काय बसतं ते कोर्ट बघेल. जे मिळेल ते प्रेमाचं. एक कलमाचं झाड आलं तरी ती वाजतगाजत आणेल.

कलम ४. मार्तंडकाकांचा मुलगा चंद्रप्रकाश, राहणार मुलुंड. गेल्या महिन्यात पेढे घेऊन आला. म्हणाला, "ताई, खोली आपल्या घरात राहू दे ना. आणि तुझ्यामागे हे पानांचं बंद करू. एक छान फोटो लावू, हार घालू, झकास दिसेल." अरे बाबा, कोणाचा फोटो? पलटणीच्या फोटोत इस्माईल नाही. भिश्त्याला फोटोत कोण उभा करतो? त्याची जागा फक्त माझ्या पंगतीत आहे, आणि तीच तू उचलायला निघालास. बापाने लाथ मारली, तू पेढे दिलेस, काम एकच.

चंद्रप्रकाशला बाबांची पदकं द्यावीत. ती टपालाने आली. बाबांनी ती कधी पाहिली नाहीत, तेव्हा त्यांना त्यांची आठवणही येणार नाही. दिवाणखान्यात लावावीत. घातचतुर्दशीला तो आला तर हाकलू नये. त्याला इस्माईलच्या पानावर बसवावं आणि नाव मोठ्याने घ्यायला लावावं.

कलम ५. माझा दहावा-तेरावा करू नये. मात्र माझ्यामागे दरवर्षी पानं सहा मांडावीत.

बाबा शेवटची रजा संपवून निघाले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यांच्या पानात जेवत होते. ते म्हणाले, "तू जेवल्याशिवाय मी जावचंय नाय." मी शेवटचा घास गालात धरून बसले. गिळलाच नाही. आई रागावली, काका बंदरावर चला म्हणून ओरडले, मी तोंड घट्ट मिटून घेतलं. बाबा हसले, माझा फुगलेला गाल चिमटीत धरला आणि उठले. बोट सुटायची वेळ झाली होती. मला त्यांचा फार राग आला. अजूनही आहे. त्यानंतर जन्मभर त्यांना वाढत आले, पण त्या पंगतीत मी कधी बसले नाही.

सहावं पान माझं. ते बाबांच्या शेजारी मांडावं. त्यावर जो बसेल तो विचारील, आज मी कोण? प्रेमाने सांगावं, तू आज शेवंती. तो घास गिळ आता. बाबा कुठे जात नाहीत.

ठिकाण: घाटकोपर
दिनांक: ११ ऑगस्ट १९८६

लिहून ठेवणार: शेवंती दत्ताराम राऊळ (सही)

आमच्यादेखत सही केली, शुद्धीवर आणि रागात:
१. पद्मजा केळुसकर, वकील (सही)
२. डॉ. अनंत माईणकर, गेल्या वर्षीचा बाळा (सही)