मॅडमचा हात आणि माझी पट्टी

मंगळवार, संध्याकाळ

आमचं आलेख काढायचं सॉफ्टवेअर वापरून बघायला आज जोशी मॅडम ऑफिसात आल्या होत्या. त्या विद्यापीठात भूजलावर संशोधन करतात. बिडकीनकडच्या विहिरींपैकी ठरावीक खोलीच्याच त्यांना आलेखात हव्या होत्या. त्यासाठी मी पडद्यावर एक पट्टी केलीय. तिच्यावरचं गोल बटण माउसनं धरून सरकवलं, की नको त्या विहिरी गळतात.

मॅडमचा हात थरथरतो, हे मला माहीत नव्हतं. बटण हव्या त्या खोलीवर थांबेचना, सारखं पुढं निसटायचं. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "राहू द्या. हे आता विद्यार्थ्यांकडूनच करून घेते. माझं वय झालं."

वय? गावोगाव फिरून स्वतः पाण्याचे नमुने काढणारी बाई, आणि माझ्या एका बटणापायी असं बोलते? फार वाईट वाटलं.

"मॅडम, चहा घ्या, तोवर बघते," म्हणाले. पट्टीशेजारी आकडा टाइप करायला चौकट जोडली. बाणाच्या कळीनं बटण थोडं थोडं हलेल असंही केलं. इतकं सोपं होतं, मग आधी का नाही सुचलं?

मॅडमनी सावकाश आकडा टाकला. उथळ विहिरी गेल्या, खोल तेवढ्या राहिल्या. पडद्याकडं बराच वेळ बघून त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"थांबा हं, मला अजून एक बघायचंय."

ऑफिस बंद करायची वेळ झाली, तरी त्या उठेनात.