मास्तरांचा केसपेपर

१२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नेहमी धावत्या पायांनी बोलतेस, म्हणून पत्र. आज दुपारी पडल्या पडल्या शाळेतला तो आवाज आठवला. सगळी पोरं एका सुरात कविता म्हणतायत आणि त्यांच्या मागून, एक ओळ उशिरा, शेवटच्या बाकावरून तुझा बारीक स्वर येतोय. तू त्या वर्गात नव्हतीसच. आईला बरं नसलं की मी तुला शाळेत घेऊन जायचो, एवढंच. कुणी हसलं की तू आणखी मोठ्यानं म्हणायचीस.

इकडे सारं ठीक. तुझी आई गेल्यापासून घराला सवड फार झाली आहे. जेवणाचं म्हणशील तर भूक स्वतःहून उठत नाही, मग मी कशाला तिची झोपमोड करू? माझी झोप मात्र कुठे गेली आहे, देव जाणे. शेजारचे शिंपीकाका विचारत होते, मास्तर, हा सदरा मीच शिवला होता ना? म्हटलं, सदरा तोच, आतला माणूस आटलाय.

काल कवितांचं पुस्तक उघडलं. ओळी सगळ्या पाठ आहेत, पण त्यांचं आत काही होईना. हे मात्र नवीन आहे.

चार दिवस येऊन जा. मनाच्या डॉक्टरला घरची मनं बघायला रजा नसते का गं?

लोभ आहेच, तो दिसावा एवढीच इच्छा.
तुझे बाबा

२० नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आधी मुलीनं वाचलं, मग डॉक्टरनं. मुलगी हसली. डॉक्टरला हसू आलं नाही. भूक नाही, झोप नाही, कविताही गोड लागत नाही. बाबा, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे.

मला निघता येत नाही हो. आमच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग आत्ता कुठे दिवसरात्र सुरू झालाय. पूर्वी दुपारी केसपेपरची खिडकी बंद व्हायची. त्यानंतर कुणाचं मन बिघडलं तर उद्या या. आम्ही दोघीच डॉक्टर, त्यातली एक बाळंतपणाला गेली. मी हलले की दाराला पुन्हा कुलूप.

तुमच्याकडच्या रुग्णालयात सकाळी मनाचे डॉक्टर बसतात. जा, केसपेपर काढा. माझ्यासाठी. आणि जेवून मगच उत्तर लिहा, अक्षर फार थरथरलंय.

तुमची रागावलेली आणि तुमचीच,
भिंगरी

२७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

गेलो होतो. रांगेतही उभा राहिलो. खिडकीशी पोचलो तर आत केसपेपर लिहायला माझाच विद्यार्थी! ताडकन उठून उभा राहिला आणि विचारतो कसा, मास्तर, कुणाला घेऊन आलात? म्हटलं, सहज आलो होतो. त्यानं चहा पाजला, पाया पडला, मी परतलो. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. ज्यांना मी ताठ बसायला शिकवलं, त्यांच्यापुढे माझंच मन बरं नाही असं कसं म्हणू?

आता तू ओरडशील. ओरड, तेवढाच तुझा आवाज कानावर पडेल. हल्ली सारखं वाटतं, तुझी आई एकटीच का पुढे गेली, मला बरोबर का नेलं नाही. जाऊ दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बाबा

३ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं ते ‘जाऊ दे’ मला जाऊ देता येत नाही. सकाळपासून फोन करतेय, तुम्ही उचलत नाही. शिंपीकाका म्हणाले, मास्तरांच्या दाराला कुलूप आहे, कुठे गेले सांगून गेले नाहीत. मोठ्या साहेबांना सांगून आले, की विभाग बंद पडला तरी चालेल, मी निघते. संध्याकाळची गाडी आहे. पत्राआधी मीच पोचेन, पण तोवर इथं वॉर्डात हाताला स्वस्थ बसवत नाही, म्हणून लिहितेय. बाबा, कुठेही असा, पण

थांबा. वॉर्डातल्या मावशी आल्यात. दारात पिशवी घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत म्हणे. मावशींनी सांगितलं, नातेवाइकांनी संध्याकाळी यायचं. तर ते म्हणतात, मी कुणाचा नातेवाईक म्हणून आलो नाही, मला स्वतःलाच दाखवायचंय; इथं मला मास्तर म्हणणारं कुणी नाही ना, तेवढं आधी सांगा.

काचेतून पाहिलं. पेन ठेवते, बाबा. तिथंच उभे राहा, मी आले.